एक वर्ष, दोन युगे : वर्डस्वर्थ, टेनिसन आणि सृष्टी

इंग्रजी काव्याच्या इतिहासात १८५० हे वर्ष मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी २३ एप्रिल रोजी विल्यम वर्डस्वर्थ वयाच्या ऐंशीव्या वर्षी रायडल माउंट येथील आपल्या घरी वारला. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने लंडनच्या एडवर्ड मॉक्सन या प्रकाशकाने 'इन मेमोरियम' नावाचे एक दीर्घ शोककाव्य प्रसिद्ध केले. त्यावर कवीचे नाव नव्हते; परंतु ते आल्फ्रेड टेनिसनचे आहे हे कळायला लोकांना फार वेळ लागला नाही. जुलै महिन्यात त्याच मॉक्सनने वर्डस्वर्थचे 'प्रिल्यूड' हे आत्मचरित्रपर महाकाव्य बाहेर काढले. ते पुष्कळ वर्षे लिहून तयार होते, पण कवीच्या हयातीत छापले गेले नव्हते. त्याला हे नावसुद्धा कवीच्या पश्चात त्याच्या पत्नीने दिले. नोव्हेंबरात टेनिसनला वर्डस्वर्थच्या रिक्त जागी राजकवी नेमण्यात आले. हे पद प्रथम सॅम्युअल रॉजर्स या वयोवृद्ध कवीला देऊ केले होते आणि वयाचे कारण सांगून त्याने ते नाकारले होते. पुढे १८५१ साली राणीच्या दरबारात हजर होण्याचा प्रसंग आला तेव्हा टेनिसनजवळ दरबारी पोशाख नव्हता. तो त्याने रॉजर्सकडून उसना घेतला. काही वर्षांपूर्वी वर्डस्वर्थनेही रॉजर्सचाच पोशाख उसना घेऊन दरबार गाठला होता. उंच्यापुऱ्या टेनिसनच्या अंगाला तो कसा बसला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

एकाच उसन्या अंगरख्यात आळीपाळीने दोन युगे वावरून गेली, हे दृश्य मला नेहमी उद्बोधक वाटत आले आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ही युगे फार नीटनेटकी वेगळी केली आहेत. रोमँटिक युग १७९८ ते १८३२. व्हिक्टोरियन युग १८३७ ते १९०१. माझ्या विद्यार्थिदशेत हेच आम्ही पाठ केले, आणि मधल्या पाच वर्षांचे काय झाले असे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. वस्तुतः त्या पाच अनाथ वर्षांतच सांधा आहे. कार्लाइलचे 'सार्टर रिसार्टस' क्रमशः छापले जाऊ लागले १८३३ साली. ब्राउनिंगचे पहिले पुस्तक 'पॉलीन' आले १८३३ साली. चार्ल्स लायलच्या 'भूशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथाचा तिसरा आणि शेवटचा खंड बाहेर पडला तोही १८३३ साली. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्ना येथे अवघ्या बाविसाव्या वर्षी मरण पावला. राणीच्या राज्यारोहणाशी यांतल्या कशाचाही संबंध नाही.

या दोन युगांच्या विषयांची तुलना करताना सामान्यतः असे म्हटले जाते की, रोमँटिक कवींनी निसर्ग, कल्पनाशक्ती, बालपण, बंड आणि व्यक्तीचे अंतरंग हे विषय घेतले. आणि व्हिक्टोरियनांनी समाज, कर्तव्य, नीती, यंत्रयुग आणि धर्मश्रद्धेचा पेच हे घेतले. हे खोटे नाही, पण पुरेसेही नाही. विषयांच्या याद्या समोरासमोर मांडल्या म्हणजे एका युगाने जुने सामान विकून नवे विकत घेतले असा भास होतो. प्रत्यक्षात विषय पुष्कळसे तेच राहिले. त्यांच्याकडून माणसाने काय मागावे, हे मात्र बदलले. हे मला तपशिलाने दाखवायचे आहे ते एकाच विषयाच्या, सृष्टीच्या, बाबतीत. इतर विषयांचा परामर्श मी ओझरताच घेणार आहे.

वर्डस्वर्थची सृष्टी म्हणजे फुले, ओढे आणि हिरवळ, हा समज मुख्यतः ज्यांनी त्याच्या चार-दोन छोट्या कविताच वाचल्या आहेत त्यांचा. 'प्रिल्यूड'मध्ये एक मुलगा रात्री दुसऱ्याची होडी चोरून सरोवरात नेतो. वल्ही मारता मारता पुढच्या कड्यामागून एक काळा प्रचंड डोंगर डोके वर काढतो आणि जणू त्याचा पाठलाग करू लागतो. मुलगा घाबरून परततो आणि पुढे कित्येक दिवस त्याच्या मनात ओळखीच्या आकारांऐवजी काही अनोळखी, अजस्र आकार हिंडत राहतात. ही सृष्टी गोड नाही. ती दरारा निर्माण करते. पण ती दरारा निर्माण करते ती कोणावर? त्या मुलावर. डोंगर त्याच्यासाठी उठतो. सृष्टीला त्या मुलाची दखल आहे. ती त्याला घडवीत आहे, शिकवीत आहे, प्रसंगी शासन करीत आहे. वर्डस्वर्थच्या सृष्टिविषयक काव्याचा सगळा भार या एका गृहीतावर उभा आहे.

हे गृहीत त्याच्या आयुष्यातच एकदा हादरले. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी त्याचा धाकटा भाऊ जॉन बुडून मरण पावला. जॉन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अर्ल ऑफ ॲबरगव्हेनी' या जहाजाचा कप्तान होता. जहाज बंगाल आणि चीनकडे निघाले होते. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून फार दूर जाण्यापूर्वीच ते खडकाळ उथळ जागी आपटून बुडाले आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. आपल्या देशाकडे येऊ घातलेल्या या व्यापारी गलबताने इंग्रजी काव्याच्या इतिहासात केवढी उलथापालथ केली, याकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. वर्डस्वर्थ त्या वेळी 'प्रिल्यूड'च्या अखेरच्या भागांत गुंतलेला होता. मे महिन्यात त्याने ते पूर्ण केले. पुढल्या वर्षी सर जॉर्ज बोमंट यांनी रंगविलेल्या, वादळातल्या पील किल्ल्याच्या चित्रावर त्याने कविता लिहिली. तीत तो सांगतो की, पूर्वी मी हे चित्र काढले असते तर समुद्र शांत दाखवला असता. आता तसे दाखविणे मला शक्य नाही. सृष्टीवरचा तरुणपणीचा विश्वास तो येथे जाहीरपणे परत घेतो. परंतु ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पंधरा कडव्यांत हा हिशेब संपतो. दुःखाला धैर्याची जोड मिळते, स्वप्नातल्या एकाकी घराचा निरोप घेतला जातो आणि कवी माणसांत परत येतो. सृष्टीने आपल्याला फसविले काय, हा प्रश्न तो तिला विचारीत नाही. तो स्वतःलाच दोष देतो : मी तिला नीट ओळखले नव्हते.

आता टेनिसनकडे वळावे. हॅलमचे शवही समुद्रमार्गेच आले. ट्रिएस्टहून निघालेले जहाज इंग्लंडला पोचले आणि जानेवारी १८३४ मध्ये क्लीव्हडन येथे त्याला पुरण्यात आले. 'इन मेमोरियम'मधील सुरुवातीचे काही खंड या जहाजाची वाट पाहण्यात गेले आहेत. समुद्राने शांत असावे, वाऱ्याने हळू वाहावे, अशी विनवणी त्यांत आहे. येथपर्यंत हा कवी वर्डस्वर्थचाच वारस वाटतो. पण हा शोक पंधरा कडव्यांत मिटला नाही. तो सतरा वर्षे चालला. प्रस्तावना, उपसंहार आणि एकशे एकतीस खंड, सगळे एकाच चार ओळींच्या कडव्यात. त्याच्या पहिल्या ओळीचे यमक चौथीशी, दुसरीचे तिसरीशी. यमक पुढे जाऊ पाहते आणि फिरून जिथून निघाले तिथेच येऊन बसते. शोकाची गती हीच असते. मराठीत हे कडवे उभे करण्याचा प्रयत्न मी वर्षानुवर्षे करीत आलो आहे. यमक जुळविणे कठीण नाही, आपली भाषा यमकांना उदार आहे. कठीण आहे ती चौथ्या ओळीतली माघार. मराठी यमक टाळी मागते. टेनिसनच्या यमकाला टाळी चालत नाही.

या सतरा वर्षांत टेनिसनने लायल वाचला, साधारण १८३७ च्या सुमारास. लायलने सांगितले होते की, पृथ्वीचे आजचे रूप कोणत्याही एका प्रलयाने घडलेले नसून पाऊस, नद्या, वारा, भूकंप, ज्वालामुखी या आजही चालू असलेल्या शक्तींनी अगणित काळात ते घडविले आहे. डोंगरही वाहून जातात. खडकांत गाडलेले अवशेष साक्ष देतात की प्राण्यांच्या जातीच्या जाती नष्ट झाल्या आहेत. पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट चेंबर्सचे, त्या वेळी निनावी असलेले, सृष्टीच्या क्रमिक विकासावरचे पुस्तक निघाले आणि त्यावर इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. म्हणजे ज्या खंडांना आपण सर्रास 'डार्विनच्या धक्क्याचे काव्य' म्हणून शिकवितो, ते डार्विनच्या ग्रंथाआधी किमान नऊ वर्षे छापले गेले होते. ही चूक मी स्वतः एका जुन्या लेखात केली आहे. ती येथे दुरुस्त करतो.

चौपन्न ते छप्पन्न या तीन खंडांत जे घडते ते इंग्रजी काव्यात पूर्वी घडले नव्हते. पंचावन्नाव्या खंडात कवी स्वतःची समजूत घालू पाहतो : सृष्टी एकेका जीवाची पर्वा करीत नसेल, पण निदान जातीची तरी काळजी घेते. छप्पन्नावा खंड उघडतो तो या समजुतीच्या खंडनाने. कड्यांत सापडलेले अवशेष दाखवीत सृष्टी स्वतःच म्हणते की, मला जातीचीही पर्वा नाही, सगळे जाईल. याच खंडात ती हिंस्र प्रतिमा आहे जिचा पुढे इंग्रजीत वाक्प्रचार होऊन गेला. या वाक्प्रचाराने खंडाचे नुकसानच केले. लोक हिंसेकडे पाहत राहिले. खरा आघात बेपर्वाईचा आहे. वर्डस्वर्थचा डोंगर मुलाच्या मागे लागला होता. टेनिसनचा डोंगर कोणाच्याच मागे लागत नाही. त्याला स्वतःलाही राहायचे नाही. काव्याच्या उत्तरार्धात टेनिसन डोंगरांना धुक्यासारखे विरताना आणि भूभागांना ढगांसारखे आकार बदलताना पाहतो, ते लायलचे शास्त्र आहे आणि उत्तम काव्यही आहे.

गंमत अशी की, याची परवानगी वर्डस्वर्थने पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवली होती. 'लिरिकल बॅलड्स'च्या प्रस्तावनेत १८०२ साली त्याने जो मजकूर वाढविला त्यात तो म्हणतो की, रसायनशास्त्रज्ञाचे, वनस्पतिशास्त्रज्ञाचे, खनिजशास्त्रज्ञाचे शोध जेव्हा माणसाच्या सुखदुःखाशी निगडित होतील, तेव्हा तेही कवीचे विषय ठरतील आणि कवी शास्त्रज्ञाच्या बरोबरीने चालेल. टेनिसन तसा चालला. मात्र शास्त्र माणसाच्या सुखदुःखाशी असे, कबरीच्या बाजूने येऊन भिडेल, याची कल्पना वर्डस्वर्थला नसावी.

टी. एस. एलियटने १९३६ च्या आपल्या लेखात असे मत मांडले की, 'इन मेमोरियम'ची धार्मिकता तिच्यातल्या श्रद्धेत नसून संशयाच्या प्रतीत आहे. हे मत आता इतके रूढ झाले आहे की काव्याचा शेवट कोणी नीट वाचीतच नाही. शेवट लग्नाचा आहे, आणि तो मला दुबळा वाटतो. पण अल्बर्टच्या मृत्यूनंतर, १८६१ नंतर, व्हिक्टोरिया राणीला ज्या काव्याने धीर दिला ते हेच, आणि तिला संशयाची प्रत पाहायची नव्हती. मेलेला माणूस कोठेतरी आहे, एवढे तिला ऐकायचे होते. या युगाने काव्याकडून जे मागितले ते हे : आधार. रोमँटिकांनी काव्याकडून दृष्टी मागितली होती.

याचा सर्वांत चांगला साक्षीदार कवी नाही, तत्त्वज्ञ आहे. जॉन स्टुअर्ट मिल हा लहानपणापासून काटेकोर तर्कात वाढविलेला मुलगा. १८२६ च्या शरदात त्याचे मन एकाएकी कोरडे पडले. ज्या सुधारणांसाठी आपण जगतो त्या सगळ्या उद्या झाल्या तरी आपण सुखी होऊ काय, असे त्याने स्वतःला विचारले आणि उत्तर नकारार्थी आले. दोन वर्षांनी त्याने वर्डस्वर्थ वाचला आणि त्याला आराम पडला. आपल्या आत्मचरित्रात तो हे औषधाच्या भाषेत सांगतो. वर्डस्वर्थहून मोठे कवी आहेत हे त्याला मान्य आहे. पण माझ्यासारख्या अकवी प्रकृतीच्या माणसाला हाच लागू पडला, असा त्याचा अभिप्राय. मॅथ्यू आर्नल्डने जून १८५० मध्ये वर्डस्वर्थवर जी मृत्युकविता छापली, तीतही हाच सूर आहे : दुःखावर हळुवार हात ठेवणारा गेला. 'प्रिल्यूड' तेव्हा अजून बाहेर पडायचे होते. म्हणजे वर्डस्वर्थचे सर्वांत मोठे काव्य वाचण्याआधीच त्याची वैद्य म्हणून नेमणूक होऊन गेली होती.

आणि 'प्रिल्यूड' तरी कोणते? १८५० साली लोकांच्या हाती आले ते चौदा सर्गांचे. १८०५ चा तेरा सर्गांचा पाठ एर्नेस्ट डी सेलिनकोर्टने छापला तो १९२६ साली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणे हा मला या विषयावरील कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक मोलाचा अभ्यास वाटतो. उत्तरायुष्यात वर्डस्वर्थ ओळी घासूनपुसून घेत होता. काही ठिकाणी त्या सुधारल्या आहेत हे कबूल केले पाहिजे. पण जेथे तरुण कवीने सृष्टी आणि मन यांच्या एकजीवपणाविषयी निःशंक विधान केले होते, तेथे वृद्ध कवीने ख्रिस्ती विनय आणून बसविला. ज्या बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीचा निषेध केला होता त्याची स्तुती नव्याने घातली. फ्रान्समधील दोन प्रेमिकांची कथा वगळली. तिच्यामागे त्याचे स्वतःचे ॲनेत व्हॅलोनवरचे प्रेम आणि त्यांची मुलगी कॅरोलीन होती, हे जगाला विसाव्या शतकात कळले. म्हणजे व्हिक्टोरियन युग वर्डस्वर्थनंतर आले असे म्हणणेही अपुरे आहे. ते त्याच्याच हस्तलिखितात, त्याच्याच हाताने, उतरत होते.

बालपणाच्या विषयाचेही असेच. 'प्रिल्यूड' निघाले त्याच वर्षी नोव्हेंबरात डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'चा शेवटचा भाग प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथांत एक 'मी' आपल्या बालपणातून घडत येतो. पण एकाच्या बालपणी सरोवर आहे आणि दुसऱ्याच्या बालपणी बाटल्या धुण्याची वखार. डिकन्स स्वतः बाराव्या वर्षी बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बसला होता. ब्लेकने धुराडी झाडणाऱ्या मुलांवर आधीच लिहिले होते, तेव्हा व्हिक्टोरियनांनी बालमजूर शोधून काढला असे नाही. पण १८४३ मध्ये एलिझाबेथ बॅरेटने खाणींतल्या आणि गिरण्यांतल्या मुलांवर कविता लिहिली ती सरकारी चौकशीचे अहवाल निघाल्यानंतर. हा नवा मार्ग आहे. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंडची शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येच्या वर गेली. वर्डस्वर्थचा मेंढपाळ आता कादंबरीत राहायला आला : जॉर्ज इलियटने 'ॲडम बीड' आणि 'सायलस मार्नर' या दोन्ही कादंबऱ्यांच्या आरंभी वर्डस्वर्थच्याच ओळी घातल्या आहेत. बंडाचा विषय कार्लाइलने कामात रूपांतरित केला. बायरन मिटून ठेवा, गटे उघडा, हा त्याचा आदेश सर्वपरिचित आहे. अंतरंगाचा विषय ब्राउनिंगने दुसऱ्यांच्या तोंडी घातला. 'मी' म्हणायचे, पण तो मी नव्हे. यावर स्वतंत्र लेख व्हावा.

आता आपल्याकडे. भारतीय वाचकाला रोमँटिक काव्य मिळाले ते बहुतांशी पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'तून. हा संग्रह १८६१ चा. तो टेनिसनला अर्पण केलेला आहे. निवडीत टेनिसनचा सल्ला होता. आणि हयात कवी घ्यायचा नाही असा नियम होता. म्हणजे ज्याला आपण रोमँटिक काव्य म्हणून पाठ केले, ते व्हिक्टोरियन राजकवीच्या चाळणीतून आलेले होते. शेलीचा पश्चिमवारा तीतून आला; पीटर्लूच्या कत्तलीवरची त्याची 'मास्क ऑफ अनार्की' आली नाही. सुमित्रानंदन पंतांनी आपल्या 'पल्लव'काळातील प्रभावांचा उल्लेख करताना शेली, वर्डस्वर्थ, कीट्स यांच्या ओळीतच टेनिसनला बसविले आहे. हा गोंधळ नव्हे. हिंदी छायावादाच्या कवीला हे चौघे एकाच दारातून भेटले होते. मराठीत केशवसुतांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ साली मॅट्रिक केले. आगरकरांचा त्यांच्यावरील संस्कार सर्वमान्य आहे, आणि आगरकर मिल व स्पेन्सरचे वाचक. तेव्हा १८९३ च्या 'तुतारी'तला आवाज रोमँटिक असला, तरी ती ज्या रूढींवर फुंकली आहे त्यांची यादी आगरकरांच्या, म्हणजे व्हिक्टोरियन बुद्धिवादाच्या, वहीतली आहे. इंग्लंडात जे एकामागून एक आले ते आपल्याकडे एकदमच आले. म्हणून 'केशवसुत कितपत रोमँटिक?' हा आपल्या टीकेतला जुना वाद मला अर्धवट प्रश्नावरचा वाद वाटतो.

याच एकदम येण्याची एक खूण भाषेत राहिली आहे, आणि अनुवादकाला ती रोज टोचते. वर्डस्वर्थ आणि टेनिसन दोघांचीही सृष्टी स्त्री आहे. एकाची दाई, दुसऱ्याची निर्दय बाई. मराठीत आज रूढ असलेला 'निसर्ग' हा पुल्लिंगी. शिवाय संस्कृतात त्याचा अर्थ स्वभाव, जन्मजात गुण. बाहेरचे डोंगर-नद्या हा अर्थ अलीकडचा. हिंदी आणि बंगालीत 'प्रकृति' चालते, पण मराठीत प्रकृती विचारली की माणूस आपल्या पोटदुखीविषयी सांगू लागतो. आणि सांख्यांचे ओझे आहेच. केशवसुत-बालकवींच्या पिढीने 'सृष्टी' वापरली. ती स्त्रीलिंगी आहे, गोड आहे, आणि वर्डस्वर्थला चपखल बसते. पण सृष्टी म्हणजे सर्जन, निर्माण केलेली वस्तू. शब्दातच निर्माता गृहीत आहे. ज्या खंडात ती कड्यावरून ओरडते की मी काहीच जपत नाही, तेथे हा शब्द आतून मोडतो. मी तेथे 'सृष्टी' ठेवून पाहिली, 'निसर्ग' घालून पाहिला, एका खर्ड्यात नुसते 'ती' ठेवले. सध्या वहीत 'ती' आहे. पुढल्या खंडात कोण बोलते आहे हे वाचकाला कळत नाही, अशी समासात मीच शिसपेन्सिलीने नोंद केली आहे.